विदरकोट हॉलचे देवधरकाका

देवधरकाका कुणाच्याही घरात शिरले की चहाच्या आधी भिंतीवर टकटक करायचे. कान लावून ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "ही मूळची नाही. नंतरची आहे!" वॉटफर्डमधल्या आम्हा मराठी मंडळींपैकी एकाचंही घर या परीक्षेत पास झालं नव्हतं. शेजारी असूनही आमच्या नव्या, काचेच्या पोर्चकडे तर त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही.

हे वेड विदरकोट हॉलचं. आठवडाभर काका इंजिनिअर, आणि रविवारी गावाबाहेरच्या त्या जुन्या हवेलीत बिनपगारी गाइड. गळ्यात मफलर, पायात चकचकीत बूट. आलेले इंग्रज पाहुणे आधी एकमेकांकडे बघत आणि पाच मिनिटांत काकांच्या मागे मुकाट चालू लागत. त्या घराण्याची कुलंगडी काका अशी रंगवत, जणू परवाच्या लग्नात ऐकून आलेत! लोकरीच्या व्यापाऱ्यानं लाल विटांत घर बांधलं, नातवानं ते पत्त्यांत घालवलं, मग एका बिअरवाल्यानं विकत घेतलं. इथवर स्वारी खुशीत असे. पण बिअरवाल्याच्या बायकोनं दारापुढे पांढरे खांब उभारले, तिथं त्यांचा आवाज चढायचा. घरी जेवायला बोलावून आम्हाला सांगायचे, "अहो, नऊवारीवर टाय बांधला हो त्या बाईनं!"

"हौस होती बिचारीला," मालतीकाकू स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या खिडकीतून पुऱ्या पुढे सरकवत म्हणायच्या. सगळे हसत, काकासुद्धा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काकू गेल्या. पुढे मुलीनं काकांना ब्रिस्टलला आपल्याकडे न्यायचं ठरवलं आणि घर विकायला निघालं. ते विकत घेणारी नीता नवऱ्याबरोबर घर बघायला आली, तेव्हा काकांनी मलाही बोलावलं. नीता आपल्यातलीच, पण जन्म इथला. काका मफलर आणि चकचकीत बूट घालून तयार होते. खोलीन् खोली त्यांनी हवेलीच्या थाटात दाखवली.

नीता त्या खिडकीपाशी थांबली. "काका, हा खिडकी ओरिजिनल आहे? नसेल तर आम्ही ही वॉल काढणार. ओपन प्लॅन."

मी काकांकडे पाहिलं. निकाल मला पाठ होता. पण त्यांनी टकटक केलं नाही, भिंतीवर नुसता हात ठेवला.

"मूळची नाही," ते म्हणाले. "मीच भिंत फोडून केली. जरा वाकडीच झाली. मालती आत पुऱ्या तळायची आणि बाहेरचं हसणं तिला ऐकू यायचं नाही. एकटी पडायची." मग मफलर सारखा करत म्हणाले, "घर आता तुमचं. काढायची तर काढा. फक्त कुणी विचारलं, तर इथं मालतीबाईंच्या काळातली एक खिडकी होती, एवढं सांगा."

नीतानं मान डोलावली.

पाहुण्यांना निरोप देऊन काका माझ्याबरोबर बाहेर आले आणि आमच्या पोर्चपुढे थांबले.

"हा कुणासाठी बांधलात?"

"आईसाठी. थंडीत तिला उन्हाला बसता यावं म्हणून."

काकांनी पोर्च पहिल्यांदाच नीट वरपासून खालपर्यंत पाहिला.

"चांगला आहे हो," ते म्हणाले.