फॉन्ट गेला, वाक्य राहिलं

"तुमचा फॉन्ट आलाच नाही," छापखानेवाला फोनवर म्हणाला. "पानोपानी नुसते चौकोन दिसतायत."

"फाइल नीट उघडा," डिझायनर म्हणाला. त्याच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती: एक तो स्वतः, आणि दुसरे फाइल नीट न उघडणारे.

"नीटच उघडली. या फॉन्टला फाइलमध्ये बसून यायची परवानगी नाही. अटी वाचल्या होत्या का?"

चाळीस पानी अटी कोण वाचतं? लिहिणाऱ्यानेही वाचल्या नसतील. हा फॉन्ट महिनाभराच्या भाड्यावर घेताना डिझायनरने 'मान्य आहे' हे बटण दाबलं होतं. आपण नेमकं काय मान्य केलं, ते आज त्याला छापखानेवाला सांगत होता. पण डगमगणारा गडी नव्हता तो. त्याने सगळा मजकूर कर्व्ह केला, म्हणजे अक्षरांची चित्रं करून टाकली. तेवढी मुभा अटींत होती, हेही छापखानेवाल्यानेच सांगितलं. चौकोन गेले. दुपारी बाराला फॉन्टचा महिना भरला आणि तो बिऱ्हाड आवरून कॉम्प्युटरवरून चालता झाला. जाईना का! काम झालं होतं.

पुस्तक होतं डिझायनरच्या सासऱ्यांचं. वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक ते. पस्तीस वर्षं दुकानादुकानांतले तराजू तपासले, त्याचं हे आत्मचरित्र. संध्याकाळी सहाला छपाई सुरू, रविवारी प्रकाशन.

अडीच वाजता सासूबाई नमुना प्रत घेऊन त्याच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"जावईबापू, यात मी कुठल्या पानावर आहे?"

"असाल की, आई. कुठेतरी असालच."

"म्हणजे वाचलं नाहीत."

"मी मांडणी केली."

"मी वाचलं. दोनदा. तराजू चौऱ्याण्णव वेळा आलाय. मी एकदाही नाही. रविवारी मी काही यायची नाही. सोमवारी बहिणीकडे जाणार, आणि परत कधी येणार ते विचारू नका."

"अगं, ते नोकरीचं पुस्तक आहे!" बाहेरच्या खोलीतून सासरे ओरडले.

"मुलीचा जन्म बरा आला मग त्यात?"

"त्या दिवशी तेलाचं खोटं माप पकडलं होतं मी!"

ज्या मुलीचा जन्म तेलाच्या मापामुळे नोंदला गेला होता, ती, म्हणजे डिझायनरची बायको, दारात येऊन उभी राहिली. "शेवटचं पान अर्धं रिकामं आहे ना? आईबद्दल एक वाक्य घाल. आईला मावशीकडे पोचवायला मी जाणार नाही."

"एक वाक्य? दोन मिनिटांचं काम!" डिझायनर म्हणाला, आणि मग त्याला फॉन्ट आठवला. मुदतवाढीचा अर्ज त्याने तिथल्या तिथे ठोकला. 'दोन कामकाजाच्या दिवसांत कळवू,' असं उत्तर आलं. भाडं घेताना यांना दोन सेकंद पुरतात!

"दुसऱ्या फॉन्टात घालतो, बाबा."

"एकच ओळ वेगळ्या अक्षरात? लोक म्हणतील, मागाहून घुसडली."

"मागाहूनच घुसडतोय ना आपण!"

"ते लोकांना कशाला कळायला हवं?"

आता एकच वाट उरली. पुस्तकातलेच छापील शब्द उचलून जोडायचे. सासऱ्यांनी वाक्य दिलं, 'पत्नीच्या प्रेमामुळेच हे शक्य झाले.' पण अक्षरांची चित्रं झालेली, शोध घ्यावा तर कॉम्प्युटर ढिम्म. शेवटी डिझायनर ते पुस्तक पहिल्यांदा वाचायला बसला. शेजारी खुर्ची ओढून सासूबाईही बसल्या.

'पत्नी' एकोणपन्नासाव्या पानावर भेटली. कोळसेवाल्याची. तिने खोटी वजनं पिठाच्या डब्यात लपवली होती. 'प्रेम' थेट एकशे तिसाव्या पानावर.

"वाचा," सासूबाई म्हणाल्या. "मोठ्यांदा वाचा."

"'पितळी वजनांवर माझे मनापासून प्रेम होते.'"

बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राची सळसळ थांबली.

"मनापासून," सासूबाई म्हणाल्या. "ठेवा त्यांचं वाक्य बाजूला. मी सांगते ते शब्द उचला. पान तीन, 'पस्तीस वर्षे मी'. पान अकरा, 'इतरांची मापे तपासली'. 'घरी मात्र' साठाव्यावर आहे."

डिझायनर कापत गेला, चिकटवत गेला. असलं काम आख्ख्या शहरात आपल्याशिवाय कुणाला जमणार नाही, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"आणि 'कमी भरले' कुठलं घेऊ, आई?"

"कुठलंही घ्या. पानोपानी आहे."

पावणेसहाला कागद सासऱ्यांच्या हातात पडला. शेवटच्या पानावर ओळ होती: 'पस्तीस वर्षे मी इतरांची मापे तपासली, घरी मात्र माझेच माप कमी भरले.'

"हे मी लिहिलेलं नाही!"

"शब्द न् शब्द तुमचा आहे," सासूबाई म्हणाल्या. "पान नंबर सांगू?"

छापखान्याचा फोन वाजायला लागला. कुणीच उचलला नाही. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाशी धरला आणि ती ओळ एकदा वाचली, पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचे ओठ हलत होते. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"'मात्र'नंतर जागा जास्त सुटलीय," शेवटी ते खाकरून म्हणाले. "जरा डावीकडे घ्या."

"आणि बाकीचं, बाबा?"

"बाकीचं बरोबर आहे," सासरे म्हणाले, आणि त्यांनी खाली सही ठोकली.