काटा बारावर

सासऱ्यांना एक कार्ड टाकावं, एवढंच बद्रीनाथनं ठरवलं होतं. पण जावयानं पोस्टकार्ड लिहिताना दहादा विचार करावा.

बद्रीनाथ औरंगाबादच्या पॉवरहाऊसमध्ये आवक-जावक कारकून. पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. शहराला इतके दिवस उजेड देणारी दोन डिझेल मशीनं आता बाहेरून आलेल्या मोठ्या लाइनीला जोडायची होती. सासरे तात्यासाहेब वैजापूरचे कांद्याचे आडते. त्यांना मुलगा नव्हता, आणि जावई लायटीच्या हापिसात नेमकं काय करतो हे त्यांना सहा वर्षांत कळलं नव्हतं. (बद्रीनाथलाही फारसं कळलं नव्हतं, पण तो बोलून दाखवत नसे.) शेवटी दिवाळीत त्यांनी सांगून टाकलं, "तुमचं काम एकदा डोळ्यानं दाखवा. नाय पटलं, तर बिऱ्हाड गुंडाळून आमच्या गादीवर येऊन बसायचं." कांद्याच्या नुसत्या नावानं बद्रीनाथच्या डोळ्यांना धार लागायची.

म्हणून त्यानं फोरमन जहांगीरभाईंना गाठलं. "मशीन कधी जोडणार?"

"जुम्म्याला," जहांगीरभाई हात पुसत म्हणाले. "काटा बारावर आला, की जोडून टाकू."

झालं. कार्ड गेलं: शुक्रवारी ठीक बारा वाजता, सहकुटुंब यावे. चतुरानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, शंका काढली, "अहो, जुम्म्याच्या दुपारी जहांगीरभाई नमाजला असतात ना?"

"मोठी कामं घड्याळावर चालतात," बद्रीनाथ म्हणाला. (त्याचं स्वतःचं घड्याळ रोज चतुराच चावी देऊन चालू ठेवायची.)

शुक्रवारी तात्यासाहेब सात माणसं घेऊन उतरले. सासूबाई द्वारकाबाईंच्या मुठीत अक्षता, एका मावशींच्या हातात नारळ. टांगे चतुरानं ठरवले, साहेबांकडून गेटपास चतुरानं आणवले, बद्रीनाथच्या कोटाचं तुटलेलं बटणही तिनं टांग्यातच शिवलं. पावणेबाराला वरात आत शिरली, तर जहांगीरभाई निवांत चहा पीत होते.

"एक नंबरचं मशीन? ते साडेदहालाच जोडलं की."

"पण तुम्ही तर बारा म्हणाला होता," बद्रीनाथचा आवाज चिरकला.

जहांगीरभाईंनी त्याला हाताला धरून पॅनेलपाशी नेलं. तिथं घड्याळासारखी एक तबकडी होती, आणि तिच्यावर एकच काटा गोल फिरत होता. "हा काटा, बदरीभाई. इथं मिनिटाला चारदा बारा वाजतात."

बद्रीनाथच्या तोंडावर त्या मिनिटाला पाचव्यांदा बारा वाजले.

"मंग जोडल्यावर झालं काय?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"काही नाही. काही झालं नाही, म्हणजेच बरोबर जोडलं."

"काही होत नाय ते बघायला आम्ही वैजापुराहून आलो व्हय?" तात्यासाहेब जावयाकडं वळले. "सोमवारी सामान बांधा, पावणं."

जहांगीरभाईंना कारकुनाची दया आली. "दोन नंबर बाकी आहे. नमाजच्या आधी तेही उरकतो. या, उभे राहा, पण हात कुठं लावू नका."

मशीन धडधडत होतं, पायाखालची फरशी थरथरत होती. जहांगीरभाईंनी पॅनेलवरची मूठ बोटभर फिरवली तसा काटा मंदावला. "ही लाइन कुठल्या कुठून आली आहे," ते म्हणाले. "तिकडं किती मशीनं आहेत, अल्ला जाने, पण सगळी एका पावलानं फिरतात. आपलं पाऊल बरोबर तिच्या पावलात पडायला पाहिजे, तेव्हाच काटा बारावर असतो. चुकलं तर तिला काही होत नाही, आपल्या मशीनचा दांडा मोडतो."

काटा आठावर आला, नवावर, दहावर, दमलेल्या म्हाताऱ्यासारखा चालत अकराच्या पुढं सरकला. जहांगीरभाईंनी 'बिस्मिल्ला' म्हणत दांडी ओढली. ठक. काटा बारावर जागच्या जागी उभा राहिला. भिंतीवरचा बल्बसुद्धा मिचकला नाही.

द्वारकाबाईंची मूठ आपोआप सुटली आणि अक्षता त्यांच्याच पायांवर पडल्या. तात्यासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. "एकमेकाचं तोंड पाह्यलं नाय, गाव ठावं नाय," ते हळूच म्हणाले, "आन् एका पावलात चालत्यात. लई मोठं काम आहे, बाबा." बद्रीनाथ काट्याकडं बघत राहिला. सहा वर्षं तो पलीकडच्याच खोलीत बसून पत्रांवर शिक्के मारत होता, आणि भिंतीच्या ह्या बाजूला हे चाललेलं त्यानं कधी डोकावून बघितलं नव्हतं.

तात्यासाहेब मात्र व्यापारी माणूस. "ह्याचं तेल संपलं तर? बंद पडतंय का?"

"नाही," जहांगीरभाई म्हणाले. "मग लाइनच त्याला फिरवते. बाहेरच्याला वाटतं, काय जोरात चाललंय. पण ते करत काहीच नाही, नुसतं ओढलं जातं."

तात्यासाहेबांनी बद्रीनाथच्या कोटाच्या नव्या बटणाकडं पाहिलं. मग हातात नऊ गेटपास, जावयाची छत्री आणि जावयाचाच डबा घेऊन उभ्या असलेल्या लेकीकडं पाहिलं.

"पटलं," ते म्हणाले. "सहा वर्षं इचारतोय, जावई काय करत्यात. आज समजलं. गादीचं राहू द्या, पावणं. तुम्ही आपले इथंच बरे, चतुराच्या लाइनीवर."