खाली ठेवा त्याला!

“सोडा त्याला! वहिनी, तुम्हाला सांगतोय, आधी त्या पोराला सोडा!”

रिसबूडकाका आमच्या हॉलमध्ये उभे राहून एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या गोऱ्या आजींनी कुंपणावरून डोकावून “यू ऑल राइट, लव्ह?” असं विचारलं, आणि समोरच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या, अगदी शपथेवर सांगतो, क्षणभर उलट्या फिरल्या. वहिनी म्हणजे माझी आई. पोर म्हणजे माझा आठ महिन्यांचा मुलगा, नील. आईने त्याला पळवून वगैरे नेलं नव्हतं. नुसतं मांडीवर घेतलं होतं.

काकांच्या लेखी हा त्याहून मोठा गुन्हा.

हा माणूस तसा गवताचा. गायींनी कुठलं गवत खावं, या प्रश्नावर काकांनी इथल्या, पामर्स्टन नॉर्थमधल्या, एका संस्थेत उभी हयात काढली. गायींनी खाल्लं नसेल एवढं गवत काकांनी स्वतः चघळून पाहिलंय, असं त्यांचे जुने सहकारी सांगतात. निवृत्त झाल्यावर इथली माणसं मासे पकडतात. काका बाळं पकडतात. गावात कुणाच्याही घरी बाळ आलं की काका दारात हजर. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट प्रश्न, “मान धरली का?” एकदा सुपरमार्केटात त्यांनी एका आडदांड माओरी बाबाला त्याच्याच भाषेतल्या नमस्कारासकट “किया ओरा, इज शी रोलिंग येट?” असं विचारलं. पाच मिनिटांनी बिस्किटांच्या रांगेत काका, तो बाबा आणि त्याची मुलगी असे तिघंही फरशीवर पालथे होते, आणि लोक ट्रॉल्या वळवून नेत होते.

गणपतीत तर आरती ऐन रंगात असताना त्यांनी एक बाळ वॉकरमधून उपसून सतरंजीवर ठेवलं, वॉकर पार्किंगमध्ये नेला आणि त्याच्यावरून स्वतःची गाडी पुढे-मागे केली. बाळाचा बाप भडकला तर म्हणाले, “वासराला कधी चाकं लावली होती का कुणी? खाली ठेवा त्याला! जमीन शिकवते सगळं.”

आम्हीही हे किस्से तिखटमीठ लावून सांगायचो. पण त्या दिवशी आमच्या घरात कुणाला हसू येत नव्हतं. आठ महिन्यांचा होऊनही नील पालथा पडत नव्हता. तपासायला येणारी नर्स त्याच्याशी खेळता खेळता त्याचे पाय पुन्हा पुन्हा उचलून सोडून पाहू लागली, आणि गुरुवारी मुलांच्या स्पेशालिस्टला दाखवायचं ठरलं. मेधा, माझी बायको, फार्मसिस्ट. कशावर कुठलं औषध चालतं ते तिला पाठ, आणि कशावर कुठलंच चालत नाही तेही. नर्स गेल्यापासून ती घरात अर्धं वाक्य बोलायची आणि उरलेलं गिळायची.

आईकडे एकच औषध होतं, ऊब. ती मे महिन्यात, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या तोंडावर, नाशिकहून आली, आमच्या लाकडी घरातली थंडी तिने पाहिली आणि त्याच दिवशी युद्ध पुकारलं. नीलच्या अंगात बनियन, वर झबलं, वर दोन स्वेटर, कानटोपी, हातमोजे, पायमोजे आणि सगळ्यावरून दुपट्याचा करकचून वेढा. आत बाळ आहे हे रडण्यावरून कळायचं. जमीन गार, म्हणून खाली ठेवणं बंद. दिवसभर मांडीवरून कडेवर, कडेवरून मांडीवर. आम्ही दोघं कामावर, आणि संध्याकाळी येऊन खूश, की बघा, आजीचे केवढे लाड!

“जमीन बर्फ आहे नुसती, भावोजी,” आई नीलला आणखी घट्ट धरत म्हणाली. “तुमचं गवत वाढत असेल उघड्यावर. माझा नातू नाही वाढत.”

“गवत वाढतं, कारण त्याला कुणी कडेवर घेत नाही! अहो, हलणार कसा तो? मला दोन स्वेटर घाला, रजईत बांधा, आणि म्हणा, रिसबूड, पडा पालथे!”

“तुम्ही उभे पडा, आडवे पडा. हा माझ्या मांडीवर बरा आहे.”

“आई,” मेधा म्हणाली. किती दिवसांनी तिने वाक्य पुरं केलं. “द्या त्याला त्यांच्याकडे.”

काकांनी हीटर वाढवायला लावला, सतरंजी अंथरली आणि कांदा सोलावा तसा नीलला सोलला. शेवटी आत एक छोटासा मुलगा सापडला. त्याला उताणं ठेवलं. तो हलेना. मेधा त्याच्या पायांकडे अशी बघत होती, जणू रिपोर्टच हातात आलाय.

त्या दिवशी, रविवारी, काहीही झालं नाही. सोमवारी एक पाय उडाला. मंगळवारी नील कुशीवर वळला आणि धपकन परत उताणा. काका रोज यायचे, सत्तरीचा सहा फुटी देह विजेचा खांब पडावा तसा त्याच्या शेजारी आडवा करायचे आणि सतरंजीला गाल लावून त्याच्याशी डोळे भिडवायचे. आई स्वयंपाकघरात भांडी आपटायची. काकांशी बोलणं तिने बंद केलं होतं.

बुधवारी आम्ही दोघंही रजा टाकून घरी होतो. दुपारी काकांनी चष्मा काढून नीलच्या हाताला अगदी थोडक्यासाठी लागणार नाही इतक्या अंतरावर ठेवला. नील वळला. अर्ध्यावर अडकला, हात पोटाखाली. रडून लाल, मग जांभळा. आई हातातलं टाकून धावली.

“थांबा, वहिनी.”

या वेळी काका ओरडले नाहीत. त्यांचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. आई जागच्या जागी थांबली. मेधाची नखं माझ्या दंडात रुतली.

“हात काढ, राजा,” काका नीलच्या कानाशी म्हणाले. “तुझाच आहे तो. काढ.”

नीलने हात काढला. पालथा पडला, मान उचलली आणि काकांचा चष्मा थेट तोंडात घातला.

मी जी आरोळी ठोकली ती ऑकलंडपर्यंत गेली असणार. मेधा खाली बसून रडली. काकांनी एवढंच सांगितलं, “उद्या डॉक्टरांकडे जायचंच. मी गवताचा माणूस. त्यांनी बघायचं ते बघितलंच पाहिजे.”

आईने साजूक तुपातला शिरा केला आणि पहिली वाटी काकांच्या पुढ्यात आणून ठेवली. नील सतरंजीवर होता, अंगात एकच स्वेटर.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली, काका एकटेच असतात. त्यांना मूलबाळ नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. गवताच्या माणसाला बाळांचं एवढं कुठून कळतं, हे गावात कुणी कधी विचारलं नव्हतं. आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती काकांकडे वळताच मेधाने तिला डोळ्यांनी खुणावलं, पण आई खुशीत होती.

“काय हो भावोजी,” ती हसत म्हणाली, “दुसऱ्यांच्या घरी एवढा दंगा करता. तुमच्या घरचा कितव्या महिन्यात पडला होता पालथा?”

काकांनी तोंडातला घास संपवला.

“एकच होता. चार वर्षांचा होऊन गेला. पालथा नाही पडला कधी.”