मातृबागेतील तेल्या गनीम आणि सुवर्णपदकाची हकीकत

श्री. बुरशी, जिवाणू, विषाणू ऐसे जे त्रिविध सूक्ष्म दैवत पानोपानी नांदते, ज्याचे कृपेने विभाग चालतात, परिषदा भरतात आणि भोजनाची कुपने वाटली जातात, त्यास आधी दंडवत घालून मग ही हकीकत लिहावयास घेतली. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पक्षी हे वर्तमान घडले. संवत्सराचे नाव पंचांगकर्त्याने ठेविले आहे, आम्ही नव्हे. आम्ही फक्त ते बदलावे असे सुचविले नाही.

कोणे एके राज्यी वनस्पतींचे रोग जाणणाऱ्या पंडितांची परिषद दर साली भरत असे, आणि तीत विद्यार्थ्यांनी आपापले शोधनिबंध वाचावे, आणि परीक्षकांनी ते ऐकल्यासारखे करावे, आणि मग एकास सुवर्णपदक, बाकीच्यांस उत्तेजनार्थ प्रमाणपत्र द्यावे, ऐसा शिरस्ता. परिषदेचे अध्यक्ष श्रीमंत गजेंद्रराव सबनीस. राज्याच्या कृषी विद्यापीठाची डाळिंबाची मातृबाग, म्हणजे जिथल्या झाडांवर कलमे बांधून साऱ्या मुलखास लागवडीस देतात ती थोरली बाग, तीही त्यांचेच हुकमतीखाली. आणि सरकारातून आज्ञा सुटली होती की सत्कारास पुष्पगुच्छ देऊ नये, रोप द्यावे, त्याने पर्यावरण राहते. सबब परिषदेत जो कोणी व्यासपीठावर चढे त्याच्या हाती मातृबागेचे एक कलम, शिक्क्याच्या पिशवीसह, ठेवीत. पाहुणे ते छातीशी धरून फोटो काढीत आणि गाडीच्या मागल्या आसनावर घालून आपापल्या प्रांती नेत. परिषदेच्या तिसरे दिवशी चाळीस हजार कलमांचे ट्रक गावोगाव सुटावयाचे, त्यांस गजेंद्ररावांनी हिरवे निशाण दाखवावयाचे, ऐसाही कार्यक्रम छापून तयार होता.

त्या राज्यी मंजुळा डुंबरे नामे विद्यार्थिनी होती. खडकमाळ गावची. तिने चौदा महिने त्याच मातृबागेत घालविले होते. बागेचा जुना माळी बयाजी याने एके दिवशी तीस पान तोडून दाविले आणि म्हणाला, "ताई, हे बघा. साहेबांना दावलं तर म्हणाले, डोळे तपासून घे." मंजुळेने पान सूर्याकडे धरिले, तो तेलाचा थेंब पडावा तैसा डाग आरपार उजळला. तो तेल्या. तेल्या म्हणजे जिवाणूचा रोग; आधी पानावर येतो, मग फळावर येतो, मग फळ तडकते, आणि मग बागवाला कुऱ्हाड शोधितो. या गनिमास पाय नाहीत, घोडे नाहीत, तोफखाना नाही. लांबच्या मोहिमेस तो कलमात बसून निघतो आणि ज्याने नंबर लावून बोलाविले त्याचेच दारी उतरतो. मंजुळेने डागातून जिवाणू वेगळा काढिला, तो बशीत वाढविला, निरोग्या झाडास टोचिला, त्या झाडास तोच डाग आला, आणि त्या डागातून पुन्हा तोच जिवाणू काढिला. शास्त्रात इतके केले म्हणजे गनीम रंगेहाथ धरिला असे मानितात. निबंधास तिने नाव दिले, "मातृबागेतील तेल्या." आणि तिला पदकाची आस नव्हती असे नाही, एकविसाव्या वर्षापासून होती, आम्ही खोटे लिहीत नाही, परंतु त्याहून मोठी घाई ट्रकांची होती. कारण पहिल्याच ट्रकाचे गाव खडकमाळ, आणि तेथे तिची आई शेवंताबाई हिने एकशेचाळीस खड्डे खोदून, शेणखत भरून तयार ठेविले होते, लेकीच्या विद्यापीठाची कलमे म्हणून.

तिचे मार्गदर्शक डॉक्टर विश्वंभरराव पटवेकर, विद्वान आणि निवृत्तीस दोन वर्षे उरलेले. त्यांनी निबंध वाचला, चष्मा काढिला, पुसला, पुन्हा घातला.

"काम फार चांगलं आहे, मंजुळा. पण मातृबाग कोणाची?"

"विद्यापीठाची, सर."

"आणि विद्यापीठ कोणाचं?"

"लोकांचं."

"हे असलं परिषदेत बोलू नकोस बाई," म्हणोन त्यांनी लेखणी घेतली आणि नाव बदलून "एका बागेतील काही ठिपक्यांविषयी प्राथमिक निरीक्षणे" ऐसे केले. मग ते म्हणाले, "आत काय आहे ते आहेच की. नाव मवाळ असलं की लोक ऐकतात." मंजुळेने मान्य केले. येथे तिची चूक जाहली हे आम्हास लिहिले पाहिजे. मवाळ नावाचे निबंध दुपारच्या भोजनानंतर ठेवीत असतात.

दुसरे बाजूस गजेंद्ररावांचे पट्टशिष्य ऋतुध्वज. गोरेगोमटे, इंग्रजी सफाईदार, स्लाइडीवर पाने वाऱ्यात हलताना दिसत. त्यांचा निबंध, "मातृबाग तेल्यामुक्त असल्याविषयी एक सखोल अभ्यास." निबंधावर नावे अकरा, पहिले गजेंद्ररावांचे, शेवटचे ऋतुध्वजांचे, मधली कोणाची ते मधल्यांसही ठाऊक नव्हते. त्यांनी बागेतील बाराशे झाडे तपासिली, प्रत्येक झाडाच्या पानांवरील डाग मोजिले, आणि बेरीज शून्य भरली. आता डाळिंबाच्या कामात ऐसा रिवाज आहे की बहर धरण्याआधी झाडांस ताण देऊन, औषध मारून, सारी पाने झडवितात. त्यास पानगळ म्हणतात. ऋतुध्वजांची स्वारी बागेत शिरली ती पानगळीनंतर आठवे दिवशी. झाडांवर पानच नव्हते. त्यांनी पानांवरील डाग मोजिले. शून्य आले. यात लबाडी होती असे बयाजी म्हणतो. आमचे मते लबाडीसही झाडाकडे वर मान करून पाहावे लागते.

सभा भरली. परीक्षक तिघे. ऋतुध्वजांचा निबंध जाहला, टाळ्या जाहल्या. भोजन जाहले, बासुंदी होती. मग मंजुळाबाई उभ्या राहिल्या आणि आठ मिनिटांत चौदा महिने सांगितले. पहिले परीक्षक मोबाइलात होते, दुसरे बासुंदीत होते, तिसरे जागे होते, तेच घात करिते जाहले.

"शिफारस काय तुमची?"

"मातृबागेतली रोगट झाडं आणि बांधलेली कलमं जाळायची, सर. परवाचे ट्रक थांबवायचे."

"जाळायची ही शिफारस नसते. फवारणी सांगा."

"कलमात बसलेला जिवाणू फवारणीनं जात नाही, सर."

"म्हणजे फवारणी नाही?"

"नाही."

"म्हणजे शिफारस नाही," म्हणोन त्यांनी शिफारशीच्या रकान्यात वीसपैकी शून्य घातले. त्या परिषदेत त्या साली दोन शून्ये निघाली. एकास सुवर्णपदक मिळाले.

तिसरे दिवशी समारोप. मंडप भरला, निवेदिकेने चार ओळी म्हटल्या, ऋतुध्वजांस पदक आणि कलम दिले. मग उत्तेजनार्थ म्हणोन मंजुळाबाईंस पाचारण केले आणि गजेंद्ररावांनी स्वहस्ते कलम दिले. आता ही मुलगी कलम हाती आले असता पान न पाहता राहील, हे होणे नाही. तो तिचा हात होता, सवय होती. तिने एक पान व्हिडिओवाल्याच्या दिव्यापुढे धरिले आणि तेथेच उभी राहिली. तीन डाग आरपार उजळले, पुढल्या चार रांगांस दिसले.

"ताई, रोप खाली घ्या, चेहरा झाकतोय," फोटोवाला म्हणाला.

"सर, हे बघा. याच्यावरच आहे," मंजुळाबाई गजेंद्ररावांस म्हणाल्या, आणि माईक जवळ होता तो चालू होता.

गजेंद्ररावांनी हसून सांगितले, "पाणी आहे ते. माळ्यानं आत्ताच मारलंय."

तो मंडपाच्या कडेस कलमांचे क्रेट उतरवीत बयाजी उभा होता, तो बोलिला, "पाणी न्हाई मारलं साहेब. दोन दिस झाले."

"बयाजी, तू केव्हापासून पेपर वाचायला लागलास?" म्हणताच सभा हसली. त्या हसण्यात तीनशे वीस पीएच.ड्या होत्या, त्यांतील निम्म्यांनी तो डाग ओळखिला होता. हे आम्ही अंदाजाने लिहीत नाही. त्यांचा जन्मच तो डाग ओळखण्यात गेला होता, पगार त्याचाच होता, आणि ते हसले. विश्वंभररावही हसले, निवृत्तीस दोन वर्षे होती.

"न्हाई साहेब, मी पानं बघतो," बयाजी म्हणाला, आणि क्रेट खाली ठेवून चालता जाहला.

गजेंद्रराव निबर असामी, संताप दाविला नाही. म्हणाले, "मुलीची जिज्ञासा कौतुकास्पद आहे. पुढील वर्षी सविस्तर निबंध सादर करावा." आणि मग बाहेर येऊन ट्रकांस हिरवे निशाण दाखविले, आणि चाळीस हजार कलमे मार्गस्थ जाहली, आणि पाहुण्यांनीही आपापली कलमे गाडीत घातली, एकाने तर कलमास आसनाचा पट्टाही बांधिला. कोणाही शत्रूस मुलूख घ्यावयाचा तर वाटा शोधाव्या लागतात, हेर पेरावे लागतात. या गनिमास यजमानांनी शाल, श्रीफळ आणि चालक दिला.

मंजुळाबाई मंडपामागे जनरेटरपाशी जाऊन आईस फोन करित्या जाहल्या.

"आई, ट्रक निघालाय. कलमं उतरवू नकोस."

"का गं? सगळे खड्डे तयार हायेत. गावातल्या आणखी आठ जणांनी माझ्या शब्दावर नंबर लावलाय. तुझ्या कॉलेजचा शिक्का आहे म्हणून सांगितलंय मी सगळ्यांना."

"शिक्का बघू नकोस. पान तोड आणि उन्हाकडं धर. तेलकट, आरपार डाग दिसला की ट्रक परत."

"तुला तिथं काही बोलले का गं?"

"बक्षीस दिलं."

शेवंताबाई म्हणाल्या, "आवाजावरून वाटत न्हाई."

ट्रक खडकमाळच्या वेशीवर आला तो उन्हे चांगली वर होती. चालक म्हणाला, "मावशी, सरकारी माल आहे, सही करा, मला अजून चार गावं हायेत." शेवंताबाई म्हणाल्या, "सही करते की. आधी वर चढू दे." आणि पदर खोचून ट्रकात चढल्या, आणि दहा कलमांची दहा पाने तोडून खाली उभ्या असलेल्या आठ जणांस वाटली, आणि आठांनी ती सूर्याकडे धरिली. एकजण म्हणाला, "वहिनी, लेक शिकली म्हणून विद्यापीठापेक्षा शहाणी झाली का?" त्यास शेवंताबाईंनी उत्तर दिले, "भावजी, तोंड वर केलंच आहे तर पान बी बघा." त्याने पाहिले. मग त्यानेच चालकास गाडी फिरवावयास सांगितले. ट्रक वेशीवरून माघारा गेला, खड्डे मोकळे राहिले, आणि शेजारच्या गावांनी सालभर त्या खड्ड्यांची थट्टा केली की खडकमाळात म्हणे हवा पेरली आहे.

इकडे विद्यापीठातून मंजुळाबाईंस पत्र आले की व्यासपीठावर संस्थेच्या रोपाविषयी साशंक वर्तन केल्याबद्दल उत्तेजनार्थ प्रमाणपत्र परत का घेऊ नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. त्यांनी प्रमाणपत्र पत्रासोबतच जोडून पाठविले. बयाजीस गवत विभागी धाडिले.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी परिषद पुन्हा भरली. विषय, "तेल्याचा उद्रेक: आव्हाने आणि संधी." कारण पावसाळा गेला होता आणि गनिमाने सतरा प्रांत घेतले होते. सुवर्णपदक ऋतुध्वजांसच मिळाले. त्यांनी राज्याचा नकाशा पडद्यावर लाविला, रोगाची गावे लाल केली होती, आणि लाल ठिपके बरोबर ट्रकांच्या रस्त्यांनी आणि पाहुण्यांच्या बंगल्यांपाशी उमटले होते. परंतु तो रस्त्यांचा नकाशा आहे हे त्या सभेत कोणी म्हणाले नाही. लाल तालुक्यात एकच गाव पांढरे होते. परीक्षकांनी छडी तेथे टेकून विचारिले, "हे खडकमाळ. इथं रोग का नाही?"

ऋतुध्वज म्हणाले, "सर, सूक्ष्म हवामान."

"वा," परीक्षक म्हणाले, आणि लिहून घेतले.

मागल्या रांगेत मंजुळाबाईंनी हात वर केला. निवेदिका म्हणाली, वेळेअभावी प्रश्न घेता येत नाहीत. हात बराच वेळ वर राहिला, मग भोजनाची घंटा जाहली. त्या बाहेर आल्या आणि आईस फोन लाविला.

"आई, तुझं नाव निघालं होतं परिषदेत."

"माझं? काय म्हणाले?"

"हवामान."

"म्हणू दे. ह्या साली ट्रक कधी निघतोय, तेवढी तारीख विचारून घे."

तात्पर्य, हकीकत इतकीच: ज्यांनी गनीम घरोघर पोहोचविला ते पदकाचे मानकरी जाहले, ज्याने आधी पाहिला तो गवत कापतो, जिने सिद्ध केला ती अजून हात वर करून आहे, आणि ज्या बाईने वेशीवर अडविला ती नकाशात पांढरा ठिपका आहे, खाली बारीक अक्षरांत "कारण अज्ञात, अधिक संशोधनाची गरज." कारण आम्हास ठाऊक होते, ते येथे लिहिले. ज्यास खोटे वाटेल त्याने पान उजेडाकडे धरावे.