राजाचा सुळा आणि राणीसाहेबांचे कुरकुरीत चणे

एका जंगलात, मुलांनो, एक सिंह राज्य करत होता आणि त्याला एकच सुळा उरला होता. राज्य त्या सुळ्यावरच चाललं होतं. रोज सकाळी दरबारात सिंह जबडा उघडून तो दाखवी आणि प्रजा घाबरून मुजरा करी. सुळा पडला की गादी सेनापती बिबट्याची, असा तिथला कायदा होता. म्हणून बिबट्या रोज अगदी पुढे बसे. निष्ठा हो, दुसरं काय!

चैत्र आला. घरोघरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू सुरू झालं. राणीसाहेब सगळीकडे जात आणि ओटीत भिजवलेले हरभरे घेऊन येत. गुहेत हरभऱ्यांचा ढीग साचला. उसळ झाली. दुसऱ्या दिवशी परत उसळ झाली. सिंह उसळ खातो का, असं विचारू नका. लग्न झालेला सिंह सगळं खातो.

मग राणीसाहेबांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. 'घरच्या घरी कुरकुरीत चणे, एकदम हेल्दी!' हरभरे आधी उकडा, मग फडक्यावर कोरडे करा, असं त्यात सांगितलं होतं. राणीसाहेबांनी तेवढा भाग पुढे ढकलला. सगळेच ढकलतात. ओले, कच्चे हरभरे त्यांनी थेट तव्यावर टाकले, करपेपर्यंत भाजले आणि वर तिखटमीठ भुरभुरलं. झाल्या गारगोट्या!

बशी भर दरबारात आली.

"अहो, खाऊन बघा ना," राणीसाहेब म्हणाल्या. "आजपासून संध्याकाळची भजी बंद."

"नंतर खातो," सिंह पुटपुटला.

"महाराजांना चावत नाही की काय?" बिबट्याने फार काळजीने विचारलं.

आता काय करणार बिचारा? डोळे मिटून त्याने एक चणा दाढेखाली नाही, सुळ्याखाली धरला. दाढा होत्या कुठे?

कडाड्!

सुळा गेला. मग कोल्हा टाळ्या पिटत ओरडला, "वा! आवाज ऐकलात? याला म्हणतात कुरकुरीत!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. राणीसाहेब लाजल्या. सिंहाच्या डोळ्यांत पाणी आलं. संपलं सगळं, असं त्याला वाटलं. पण इतकी वर्षं राज्य काय उगाच केलं होतं? त्याने चण्यासकट सुळा गिळला आणि ओठ जेमतेम हलवत म्हणाला, "उत्तम! प्रजेच्या आरोग्यासाठी सर्वांनी रोज हे चणे खावेत. सुरुवात सेनापतींपासून."

बिबट्या नाही कसं म्हणणार? नाही म्हटलं तर त्यालाच चावत नाही असं झालं असतं. त्याने मूठभर चणे तोंडात टाकले.

कडाड्! कडाड्!

"वा! कुरकुरीत!" दरबार गरजला.

अक्षय्य तृतीयेपर्यंत जंगलात कुणाच्याच तोंडात दात उरला नाही. सगळे घरी पेज पितात आणि बाहेर चण्यांचं कौतुक करतात. दरबारात आता कुणीच तोंड उघडत नाही. सिंह अजून गादीवर आहे.

तात्पर्य : आपला दात पडला म्हणून राज्य जात नाही, शेजाऱ्याचे शाबूत राहिले तर जातं. म्हणून मुलांनो, राजाने प्रजेला नेहमी पौष्टिक खायला घालावं.