डचेसचा रिव्हर्स गिअर

"चहा निवायच्या आत डचेस विकून दाखवतो, बघशील तू!" सिरिल येओने बायकोला, म्युरिएलला, छातीठोक सांगितलं.

डचेस म्हणजे त्याची साठ सालची आलिशान मोटार. लाल चामड्याच्या गाद्या, अक्रोडी लाकडाची सजावट आणि अंग एवढं रुंद, की गॅरेजात तिच्या बाजूने सायकलसुद्धा शिरत नसे. म्युरिएलला नेमकं तेच गॅरेज हवं होतं. डेव्हनमधल्या त्या खेड्यात चहाचं दुकान काढायचं तिच्या मनात कधीचं होतं. पडदे शिवून झाले होते, स्कोन नावाचे छोटे गोडसर पाव शेजाऱ्यांच्या पोटांवर आजमावून झाले होते. अडून बसली होती ती एकटी डचेस. गाडी विकायची म्हणजे सिरिलच्या जिवावर आलं होतं, पण बायकोचं मनही मोडवत नव्हतं.

गिऱ्हाईक आलं थेट लँकेशरहून. ऑर्मरॉड नावाचे, गोल चेहऱ्याचे निवृत्त दंतवैद्य. डचेसला बघून त्यांचा चेहरा असा फुलला, की म्युरिएलने स्कोनचा आणखी एक घाणा ओव्हनमध्ये सारला. आता पोस्टापर्यंत एक चक्कर मारायची आणि सौदा पुरा करायचा, एवढंच काय ते उरलं होतं.

पण ऑगस्ट हा सुट्टीवाल्यांचा महिना, आणि तिथले रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली कुंपणाची झाडी आणि मधे जेमतेम एका गाडीची वाट. समोरून कोणी आलं की दोघांपैकी एकाने रुंद जागा मिळेपर्यंत मागे जायचं. कोणी जायचं, याबद्दल सिरिलचं मत पक्कं होतं. येओंच्या घरातला माणूस दुसऱ्याला मागे जायला लावत नाही. त्याच्या आजोबांनी घोडागाडी हाकताना लावलं नव्हतं, तो तर मोटारीत बसला होता.

पहिल्याच वळणावर पाद्रीबाई भेटल्या. सिरिलने हसून हात वर केला आणि डचेस मागे घेतली. पाद्रीबाईही हात हलवून गेल्या. पुन्हा निघाला, तर ट्रॅक्टर. पुन्हा हसू, पुन्हा हात, पुन्हा मागे. मग सुट्टीवर आलेल्यांच्या गाड्या एकामागून एक येऊ लागल्या. डचेस पुढे जायची हातभर आणि मागे यायची शेतभर.

शेवटी न राहवून ऑर्मरॉडनी हळूच विचारलं, "मिस्टर येओ, हिला पुढे जायचा गिअर आहे ना?"

"आहे हो," सिरिल मान वळवून मागे बघत म्हणाला, "फक्त वापरायची वेळ फारशी येत नाही."

पोस्ट काही दिसलं नाही. डचेस पाठमोरीच घरच्या अंगणात येऊन थांबली. झालं, गेलं गिऱ्हाईक! आता म्युरिएलला तोंड कसं दाखवायचं, या विचाराने सिरिलचं तोंड एवढंसं झालं. ऑर्मरॉडनी मात्र खाली उतरून बॉनेटवर तळहात ठेवला.

"या वयात एवढं उलटं चालून इंजिन तापलं नाही म्हणजे कमालच आहे. घेतली मी."

व्यवहार तिथल्या तिथे झाला. ऑर्मरॉड डचेस घेऊन झाडीत दिसेनासे झाले. सिरिलने उगाचच नाक शिंकरलं. म्युरिएल टेप घेऊन रिकाम्या गॅरेजात टेबलांची जागा मापू लागली.

दोन टेबलं मापून होतात न होतात तोच फाटकात डचेसचे मागचे दिवे दिसले. ऑर्मरॉड पाठमोरे येत होते. त्यांच्या तोंडाला तोंड लावून एक कॅरॅव्हॅन, म्हणजे सुट्टीवाल्यांचं चाकांवरचं घर, तिच्यामागे दुसरी, आणि सगळ्यांच्या शेपटाला दुधाचा टँकर. टँकरला वाट द्यायला सगळे येओंच्या अंगणात घुसले. जागा पुरेना, म्हणून ऑर्मरॉडनी डचेस मुकाट्याने गॅरेजात घातली. म्युरिएल टेप सावरत कशीबशी बाहेर निसटली.

कॅरॅव्हॅनमधून उतरलेल्या बाईने हवेत नाक फिरवलं. "काय सुरेख वास येतोय हो! इथे चहा मिळतो का?"

म्युरिएलने गॅरेजकडे पाहिलं, मग अंगणातल्या माणसांकडे पाहिलं. "मिळतो की. बसा," ती म्हणाली.

बघता बघता गवतावर पंगत बसली. स्कोनवर आधी साय की आधी जॅम यावरून वाद रंगले, चहाच्या किटल्या दोनदा भरून झाल्या. म्युरिएल आनंदाने नुसती भिरभिरत होती. ऑर्मरॉडनी तिसरा स्कोन संपवला आणि मिशीवरची साय पुसत सिरिलला विचारलं, "तुमचा हा रस्ता मोकळा होतो तरी कधी?"

"ऑक्टोबरात," सिरिल म्हणाला. गॅरेजात ऐटीत उभ्या असलेल्या डचेसकडे बघताना त्याला हसू आवरेना.