बिशपांचं ऐकू न आलेलं वाक्य

आमच्या धर्मप्रांतात बिशपांनी चर्चच्या शिकवणुकीबाहेरचं वाक्य उच्चारलं, तर ते ऐकू येत नाही. ओठ हलतात, श्वास घेतला जातो, आवाज मात्र निघत नाही. वाक्य संपलं की पुढचं पुन्हा स्वच्छ ऐकू येतं. हे केवळ शिकवणुकीच्या बाबतीत होतं. चहात साखर कमी आहे किंवा यंदा केळीवर करपा पडलाय, असली वाक्यं बिशप कुठेही बोलले तरी ऐकू येतात.

लिखाणाचंही तसंच. आधीच्या बिशपांच्या एका परिपत्रकात मधली दीड ओळ कोरी छापून आली होती. गरिबी हे आळसाचं फळ आहे असं काहीसं त्यांना लिहायचं होतं, हे त्यांनी स्वतःच पुढच्या रविवारी सांगितलं आणि क्षमा मागितली.

मी धर्मविद्या शिकायला सहा वर्षं युरोपात होतो. तिथले प्रापंचिक, म्हणजे माझ्यासारखे झगा न घालणारे साधे श्रद्धाळू, आपले बिशप शिकवणुकीला धरून आहेत की नाहीत यावर तासन्‌तास भांडायचे. पत्रकं निघायची, सह्या गोळा व्हायच्या, माणसं एकमेकांशी बोलेनाशी व्हायची. मला ते बघून घराची आठवण यायची. आमच्याकडे भांडायचं कारणच नव्हतं. आम्ही रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचो आणि ऐकायचो.

मी पालखाडीला, माझ्या गावी, परत आलो त्याच वर्षी ते घडलं.

दृढीकरणाच्या, म्हणजे मोठ्या झालेल्या मुलांची श्रद्धा पक्की करण्याच्या मिस्सासाठी बिशप सिप्रियन तुस्कानो आमच्या चर्चमध्ये आले होते. प्रवचन पंचवीस मिनिटं चाललं आणि शब्दन्‌शब्द ऐकू आला. शेवटी ते थांबले, बायकांच्या बाजूच्या तिसऱ्या बाकाकडे त्यांनी पाहिलं आणि एक वाक्य बोलले. ते कुणालाच ऐकू आलं नाही. वेदीपासून दारापर्यंत सहाशे माणसं होती.

लाऊडस्पीकरवाल्याला लगेच बोलावलं. त्याने माईक तपासला, स्वतः एक ते दहा आकडे म्हटले आणि ते बाजारापर्यंत ऐकू गेले. तेव्हा दोष माईकचा नाही, असं ठरलं.

तिसऱ्या बाकावर नातालबाय बसली होती. तिचं वय अठ्ठ्याहत्तर. बावन्न वर्षांपूर्वी तिचा पहिला मुलगा सहाव्या दिवशी गेला. आमच्याकडे तेव्हा बाप्तिस्मा आठव्या दिवशी व्हायचा. बाप्तिस्म्याला मूल हातात धरणारी धर्ममाता माहेरच्या गावाहून यायची, तिची वाट पाहायची पद्धत होती. तान्हं मूल आजारी दिसलं तर घरातलं कुणीही पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतं, पण हे मूल आजारी नव्हतं. सकाळी नातालबायने पाळण्यात हात घातला तर ते थंड होतं. बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून त्याला दफनभूमीच्या भिंतीबाहेर, करंजाखाली पुरलं. आत पुरायला त्या वेळच्या धर्मगुरूंनी नकार दिला होता. आता नातालबायचं स्वतःचं काही खरं नव्हतं. आपण आत आणि पोरगा बाहेर, हे तिला नको होतं. तिने बिशपांना पत्र लिहवून घेतलं होतं आणि त्या दिवशी मिस्साआधी दारात गाठून विचारलंही होतं. बिशप म्हणाले होते, उत्तर देतो.

आणि उत्तर ऐकू आलं नव्हतं.

पालखाडी प्रापंचिक मंडळाची तातडीची सभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. परदेशात शिकलेला म्हणून मला चिटणीस केलं होतं. अध्यक्ष पास्कोल रुमाव, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं म्हणणं सरळ होतं. बिशपांनी परवानगी दिली, परवानगी शिकवणुकीत बसत नाही, म्हणून वाक्य ऐकू आलं नाही. बाप्तिस्म्यावाचून आत जागा नाही, हे ते लहानपणापासून शिकत आले होते.

सेवेरीना लोपीस उभी राहिली. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती. तिचं म्हणणंही तितकंच सरळ होतं. बिशपांनी परवानगी नाकारली, आणि नाकारणंच शिकवणुकीत बसत नाही. ज्या मुलाला आईबाप बाप्तिस्मा देणार होते, त्याचा अंत्यविधी करू द्यायचा अधिकार बिशपांना आहे, हे तिने नियमाच्या आकड्यासकट सांगितलं. मी चर्चच्या नियमांचं पुस्तक उघडून पाहिलं. आकडा बरोबर होता.

पास्कोल सर म्हणाले, नियम अधिकार देतो, सक्ती करत नाही. मग मोबाइलवर केलेलं चित्रण पडद्यावर लावलं. बिशपांना दाढी आहे. आम्ही ते वाक्य चौदा वेळा पाहिलं. सरांना त्यात होकार दिसत होता आणि सेवेरीनाला नकार.

"तू तीस वर्षं इंजेक्शनं दिलीस," सर म्हणाले, "ओठ कधी वाचलेस?"

"वॉर्डात सगळे एकदम ओरडतात, सर. तेव्हा तेच वाचावे लागतात. तुमच्या वर्गात कुणाची ओठ हलवायची हिंमत नव्हती, तुम्हाला कुठून येणार?"

हॉल हसला. सरही थोडे हसले. मला मात्र हसू येत नव्हतं. होकार असो वा नकार, आपले बिशप शिकवणुकीबाहेर गेले यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. जे मी सहा वर्षं लोकांना अभिमानाने सांगत आलो, ते आमच्याच चर्चमध्ये मोडलं होतं. बिशपांकडून लेखी खुलासा मागवावा, असा ठराव मी मांडला. तो मंजूर झाला.

लेखी खुलाशाऐवजी पुढच्या गुरुवारच्या सभेला बिशप स्वतः आले. एकटेच आले आणि सातवीच्या बाकावर बसले. बाक लहान होता, गुडघे बाहेर काढून बसावं लागलं. पास्कोल सरांनी त्यांना ठराव वाचून दाखवला. बिशपांनी तो पूर्ण ऐकला आणि ठराव योग्य आहे म्हणाले. ते वाक्य परवानगीचं नव्हतंच, असंही त्यांनी सांगितलं. परवानगीपर्यंत ते पोचलेच नव्हते. त्याआधी बाईला एक गोष्ट सांगायला हवी, असं त्यांना वाटलं होतं.

सरांनी त्यांना वाक्य पुन्हा म्हणायची विनंती केली. बिशप म्हणाले. ऐकू आलं नाही. मी खडू दिला. त्यांनी फळ्यावर चार शब्दांइतका हात फिरवला, खडू झिजला, भुकटी खाली पडली, पण फळा काळाच राहिला.

तेव्हा पुढच्या बाकावरून नातालबाय बोलली. बिशप कधीकाळी आमच्याकडे मदतनीस धर्मगुरू होते, म्हणून ती अजून त्यांना फादरच म्हणते.

"फादर, माझा पोरगा कुठं आहे?"

बिशपांचे ओठ हलले. चारच शब्द. आता हॉलमध्ये प्रत्येकाला कळलं की ते स्वर्गाबद्दलचे असणार, आणि तरीही कुणाला ते ऐकू आले नाहीत.

पास्कोल सरांचा चेहरा उतरला. पण ते गणित शिकवलेले गृहस्थ. हे वाक्य शिकवणुकीत बसत नसेल तर उलट वाक्य बसायला हवं, असं ते म्हणाले आणि बिशपांनी ते म्हणून पाहावं अशी सूचना त्यांनी केली. सांगताना त्यांनी नातालबायकडे पाहिलं नाही. बिशपांनी डोळे मिटले आणि ओठ हलवले.

तेही ऐकू आलं नाही.

सेवेरीनाने पदराने चष्मा पुसला. सर मटकन खुर्चीत बसले. मी इतिवृत्तात लिहिलं: दोन्ही वाक्ये म्हटली, दोन्ही ऐकू आली नाहीत. सहा वर्षं मी ज्या पुस्तकांतून परीक्षा दिल्या, त्यांत बाप्तिस्म्याविना गेलेल्या मुलांचं हे पान होतं. मी ते वाचलंही होतं. ते असं दिसतं, हे मला ठाऊक नव्हतं.

बिशप बाकातून उठले. नातालबायसमोर येऊन ते खाली फरशीवर बसले.

"बाय, आम्हाला ठाऊक नाही," ते म्हणाले. आवाज अगदी हलका होता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "चर्चला ठाऊक नाही. आम्ही त्याला देवाच्या दयेवर सोपवतो आणि आशा धरतो. मला एवढंच बोलता येतं."

"मग त्या दिवशी जास्त बोलला होतास?"

"हो. तू समोर बसली होतीस. मी चुकलो."

पास्कोल सरांनी घसा साफ केला. चूक कोणत्या बाजूला झाली, ते इतिवृत्तात यायला हवं, असं त्यांनी अदबीने सांगितलं.

"आईच्या बाजूला," बिशप म्हणाले. "तसं लिहा. मी सही करतो."

मी तसं लिहिलं. त्यांनी सही केली, खाली तारीख घातली. माझ्या सगळ्या शिक्षणात मी एवढं मोठं काही पाहिलं नव्हतं. एक बिशप मुलांच्या बाकावर वही टेकवून, आपण शिकवणुकीबाहेर गेलो होतो याची नोंद आपल्या लोकांना करू देत होता.

मग नातालबायने मूळ प्रश्न विचारला. पोरगा आत येईल का?

"येऊ दे," बिशप म्हणाले, आणि ते सगळ्यांना ऐकू आलं. पास्कोल सरांनाही. सरांनी मान डोलावली. त्यांनी आयुष्यभर जे ऐकू येईल तेच मानलं होतं, आताही मानलं.

अडचण एवढीच होती की बावन्न वर्षांनी करंजाखाली उचलून आणण्यासारखं काही उरलं नव्हतं. शिवाय नातालबाय एकटी नव्हती. भिंतीच्या कोपऱ्यापासून कडेकडेने आपलं मूल किती पावलांवर आहे, हे गावातल्या सतरा घरांना पाठ होतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सेवेरीनाचा एक भाऊ तिथे होता. पास्कोल सरांनी सर्वांत शेवटी हात वर केला आणि म्हणाले, चौदा पावलं, मुलगी.

मुलांना आत आणता येणार नाही, म्हणून भिंत बाहेर न्यायचं ठरलं.

शनिवारी सकाळी सगळं गाव जमलं. जुन्या भिंतीचे दगड काढून एकोणीस फूट पलीकडे रचले. गवंडी आमच्यातलेच. बिशप झगा कमरेला खोचून रांगेत उभे राहिले आणि दुपारपर्यंत दगड पुढे देत राहिले. एकदा त्यांच्या हातून दगड निसटला तेव्हा पास्कोल सरांनी त्यांना, लक्ष कुठे आहे, असं विचारलं. भिंत पुरी झाल्यावर त्यांनी पवित्र पाणी शिंपडलं आणि अंत्यविधीची प्रार्थना सतरा वेळा म्हटली, प्रत्येक घरासाठी एकदा. सतराही वेळा ती स्वच्छ ऐकू आली.

माणसं पांगायला लागली. नातालबाय करंजाखाली खुर्चीवर बसून होती. बिशप तिच्यापाशी गेले आणि तिच्या कानाशी वाकले. त्यांचे ओठ हलले, चार शब्दांपुरते. मी आणि सर पाच हातांवर होतो. काही ऐकू आलं नाही.

"पुन्हा सांग," नातालबाय म्हणाली.

त्यांनी पुन्हा सांगितलं.

"बरं," ती म्हणाली आणि उठायला हात पुढे केला.

इतिवृत्ताची वही माझ्या काखेत होती. मी सरांकडे पाहिलं. सरांनी टोपी नीट केली आणि नेहमीच्या आवाजात मजकूर सांगितला: भिंतीचे काम पूर्ण. बिशप दोनदा बोलले, ऐकू आले नाही. मंडळाची हरकत नाही.

मी लिहून घेतलं. सेवेरीनाने अनुमोदन दिलं.